नेट गेलं, पण कुठून?

पुण्यात गुरुवारी वीज गेली तर कोणी फारसं दचकत नाही. महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच वारी निघतात. तरी प्रत्येक घरातून पहिला प्रश्न ठरलेला असतो. गॅलरीत येऊन, शेजारी बघत, "तुमच्याकडे आहे का हो?" त्यांच्याकडे नसेल तर निवांत बसायचं, असेल तर आपल्या मीटरपाशी जायचं. हे उत्तम निदान आहे आणि ते कोणी शिकवलेलं नाही. नेट गेल्यावर मात्र हीच माणसं काही न विचारता नेटचा डबा बंद करतात, चालू करतात, पुन्हा बंद करतात.

खरं तर गॅलरीतला तो प्रश्न डब्यावरच्या दिव्यांना विचारता येतो. फायबरची वायर ज्यात येते त्या डब्यावर 'पॉन' (PON) आणि 'लॉस' (LOS) असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असला, तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. लॉस लाल होऊन लुकलुकत असेल, तर तो येतच नाहीये, आणि मग डबा दहादा बंद-चालू करूनही उपयोग नाही. रस्त्यावर झाडावरून खांबावर, खांबावरून गच्चीवर आलेली वायर फांदीखाली तुटली असेल, नाहीतर डक्टमध्ये उंदरानं कुरतडली असेल. पण नेटवाल्याला फोन करण्यापूर्वी सोफ्याच्या मागे एकदा डोकवावं. फायबरच्या आतली काच ०.१२५ मिलिमीटरची. झाडलोट करताना सोफा मागे सरकतो, वायर भिंतीशी काटकोनात दबते आणि प्रकाश तिथूनच गळून जातो. कटिंग चहाच्या ग्लासाच्या तोंडाहून लहान वेटोळं नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. टोकाचा हिरवा कनेक्टर 'टक्' होईपर्यंत आत गेलाय ना, तेही बघावं.

बंद-चालू करण्याचंही एक शास्त्र आहे. अर्धा मिनिट वीज काढून ठेवायची, मग दोन मिनिटं डब्याकडे ढुंकून बघायचं नाही. डबे दोन असतील तर आधी फायबरचा, तो स्थिरावल्यावर राऊटर, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा. मागच्या बारीक भोकात मात्र टोचणी घालायची नाही. दहा सेकंद दाबलं की डब्यातलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं. उत्साही भाच्याच्या हाती टोचणी लागली, की दहा मिनिटांचा बिघाड दोन दिवसांचा होतो.

डबा आपणहूनच बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर बघावा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, पण तीच पिन सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरलाही असते आणि ड्रॉवरमध्ये सगळे काळे अडॅप्टर एकत्र नांदतात. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. कमी असले तर डबा सुरू होतो, दिवे लागतात, आणि संध्याकाळी घरातले सगळे एकदम नेटवर बसले की मान टाकतो.

"नेट गेलं" ही तक्रार वेगळी आणि "नेट अडकतंय" ही वेगळी. अडकतंय म्हणजे बहुधा बाहेरून येतंय, पण घरातल्या घरात हरवतंय.

देव्हाऱ्याची जागा दिशा बघून ठरते. राऊटरची, नेटवाल्याच्या ड्रिलनं भोक कुठं पडलं त्यावरून. म्हणजे बहुधा दाराच्या वर, चपलांच्या कपाटापाशी. नंतर दिसायला बरं दिसत नाही म्हणून डबा टीव्हीच्या मागे किंवा शोकेसमध्ये जातो. टीव्हीच्या पाठीला धातू, शोकेसला आरसा. दोन्हीकडून वायफायच्या लहरी परत फिरतात. शेवटच्या बेडरूमपर्यंत पोचायला त्यांना मधलं बाथरूम ओलांडायचं असतं: टाइल्स, नळाचे पाइप आणि वरच्या माळ्यावर पाण्यानं भरलेली टाकी. पाणी या लहरी शोषून घेतं. पेठेतल्या वाड्याच्या जाड भिंती अवघड असतातच, पण वाकड-बालेवाडीच्या नव्या, मायवन पद्धतीच्या (साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभारलेल्या) टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या, आत सळ्यांची जाळी. तिथं एका खोलीतून दुसरीत जाताना नेटला अक्षरशः पिंजरा लागतो.

तेव्हा डबा घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. अँटेना उभी. तिच्या लहरी मेदूवड्यासारख्या पसरतात, भोकात अँटेना आणि वडा आडवा. वरच्या मजल्यावरही नेट हवं असेल तर एक अँटेना आडवी करून बघावी. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे डबा वीतभर सरकवूनही कधी कधी फरक पडतो. मोबाइलवर सिग्नल मोजणारं अॅप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावं. आकडे उणे असतात: उणे ५० उत्तम, उणे ७०च्या पुढे व्हिडिओ कॉल तुटायला लागतात.

फोनच्या वायफाय यादीत डब्याची दोन नावं दिसतात, त्यातल्या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ: वेगवान, पण भिंतीला बिचकणारं. २.४ लांब जातं, पण टॉवरमध्ये आजूबाजूच्या सगळ्यांचे डबे त्याच पट्ट्यात ओरडत असतात, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. तिथं राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली गल्ली, १, ६ किंवा ११, यांतलं कमी गर्दीचं निवडावं. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुधा फक्त २.४ ओळखतात, ते जोडले जात नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी फोन कोणत्या नावावर आहे ते बघावं.

रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, घेतलाच तर तो नेट न येणाऱ्या खोलीत लावतात, आणि तो बिचारा जे ऐकूच येत नाही ते मोठ्यानं सांगत बसतो. तो निम्म्या वाटेवर हवा. त्याहून राऊटरपासून ओढलेली लॅनची वायर बरी. फक्त तीनशे एमबीपीएसच्या प्लॅनला वायरीवरही ९५च्या वर काही सरकत नसेल, तर आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली असण्याची शक्यता मोठी, कारण शंभरपर्यंत चारच तारा पुरतात. जुना डबा किंवा जुना लॅपटॉप शंभरचाच असला तरीही असंच होतं, म्हणून आधी वायर बदलून बघावी.

आणि नवं कनेक्शन घेताना नेटवाल्याला चहा विचारण्याआधी जागा दाखवावी. त्याच्या पिशवीत फायबरचं भेंडोळं असतं, दहा मीटर जास्त ओढायला तो कुरकुरेल, पण ओढेल. एकदा ड्रिल सुरू झालं, की मग भोक दारावरच.