पणजोबांची काशीयात्रेची मोडी वही: माळ्यापासून देवनागरीपर्यंत

नाशिकच्या जुन्या वाड्यांत पोथ्यांबरोबर एखादं प्रवासाचं बाड हमखास निघतं. आमच्याकडचं पणजोबांच्या काशीयात्रेचं. मोडीत, बोरूनं लिहिलेलं, पत्र्याच्या ट्रंकेत लाल रुमालात बांधलेलं. पहिली पानं गेलेली, शिवण कुजलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या. ते हाताळून, वाचून देवनागरीत आणलं, त्याची ही हकिकत.

आधी फोटो, मग सफाई आणि वाचन सगळ्यात शेवटी. उत्सुकतेपोटी हा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. ठिसूळ पान उलटताना कडेचा तुकडा गळतो आणि त्यावरचं अक्षर कायमचं जातं. सुटी पानं आहेत त्याच क्रमात ठेवून कोपऱ्यात २बी पेन्सिलीनं बारीक आकडे घातले. शिवलेला भाग सपाट उघडला नाही. दोन्ही अंगांना टॉवेलच्या घड्या देऊन ९० ते १२० अंशांपर्यंतच उघडला, दोन बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावले, फ्लॅश बंद केला आणि पानाशेजारी मोजपट्टी ठेवली. धड असलेली सुटी पानं स्कॅनरवर घेतली, ६०० डीपीआय, टिफ फाइल. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत मूळ म्हणून जपू नये, तिच्यात बारीक रेघा मरतात. मोडीत तर सगळा खेळच रेघांचा.

सफाई म्हणजे मऊ कोरडा ब्रश, मधून कडेकडे. ओला कापूस नाही. काजळ-डिंकाची देशी शाई उजेडाला दाद देत नाही, पण पाणी लागलं की सुटते. हिराकशीची, म्हणजे लोहाच्या क्षाराची शाई तपकिरी पडते आणि दमट हवेत कागदच खाते. अक्षरांच्या जागी भोकं दिसली तर ती हीच. कसरीसाठी बाड झिपच्या पिशवीत हवा काढून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ ते २० अंशांत ठेवलं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच ठेवायची, नाहीतर कागदावर दव धरतं. कुणीतरी पूर्वी लावलेली सेलोटेप ओढून काढायची नाही, ते काम कागदाच्या जाणकाराचं. लॅमिनेशनचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ऐकू नये, ते परत काढता येत नाही.

वाचनाला सुरुवात पहिल्या पानापासून न करता खर्चाच्या पानांपासून केली. तिथे तांदूळ, तूप, भाडं, दक्षिणा असे ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांवरून त्या हाताची अक्षरं ओळखून एक कोष्टक केलं आणि मग वर्णनाकडे वळलो. मोडीत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. सर्वांत जास्त घोळ घालतात त्या उभ्या रेघा. आकड्यापुढे एक रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा, तेव्हा २॥। हे पावणेतीन रुपये. पण अक्षरापुढे ॥ आलं की तो संक्षेप, मु॥ म्हणजे मुक्काम. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) अजूनही कामाचा.

साल ठरवणं ही खरी परीक्षा. पहिली पानं नाहीत म्हणून शकाचा आकडा नाही, मध्ये एकदाच ‘पार्थिवनाम संवत्सरे’ येतं. संवत्सरं ६० वर्षांनी फिरून येतात, म्हणजे १८२५, १८८५ किंवा १९४५. जबलपूरमार्गे रेल्वेनं प्रयागला गेल्याची नोंद आहे आणि मुंबई-कलकत्ता रेल्वे त्या वाटेनं जोडली गेली १८७० मध्ये, तेव्हा १८२५ बाद. मोगलसराईहून पुढे गंगा नावेनं ओलांडून काशीत उतरले. तिथला डफरिन पूल झाला १८८७ मध्ये, तेव्हा १९४५ही बाद. राहिला शके १८०७, म्हणजे १८८५.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण पौषात जानेवारी लागला की ७९. शिवाय सूर्योदयाची तिथी धरतात, वृद्धी-क्षय असतात. म्हणून एका दिवसाचा फरक पडला तर वहीतला वार पाहून तारीख पक्की करायची. काशीच्या तीर्थपुरोहितांच्या वहीशी ताळा करायचा असेल तर आणखी एक मेख आहे. आपले महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, तिकडचे पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे. आपला कार्तिक वद्य पक्ष तिथे अगहन बदी होतो, आणि शके १८०७ च्या जागी संवत १९४२ असतं. चौकशी करताना ‘नाशिक’ न सांगता मूळ गाव आणि आडनाव सांगावं, नोंदी त्यांवरच लागतात. वहीतल्या नातलगांची नावं पडताळायला मात्र काशी गाठायची गरज नाही, रामकुंडावरच्या आपल्या उपाध्यायांच्या नामावळीत ती मिळू शकतात.

लिप्यंतरात एकही शब्द ‘शुद्ध’ केला नाही. न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, अंदाजाची अक्षरं चौकटी कंसात, ओळीला ओळ. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची १९०७ ची आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून छापली. मूळ मजकूर वाचकांपुढे यायला १९६६ उजाडलं. घरच्या वहीचं तसं होऊ नये, सोपी मराठी वाचायची असेल त्यांच्यासाठी वेगळी फाइल करावी.

मूळ बाड आता आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, भिंतीला न टेकवता ठेवलंय. जुना लाल रुमाल वेगळा ठेवला, कारण दमट हवेत त्याचा रंग उतरतो. नवा रुमाल बिनरंगी मलमलीचा, धुऊन खळ पूर्ण काढलेला, कारण कसर खळीवरच येते. डांबरगोळ्या नाहीत. पावसाळ्यात पेटी उघडत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पानं तपासायची आणि शिवणीत कसरीची भुकटी दिसते का ते पाहायचं.