अडकलेल्या साठ रुपयांची गोष्ट

आमच्या पोळी केंद्रावर यूपीआयचं पेमेंट फेल झालं तर मला काही वाटत नाही. गिऱ्हाईक पुन्हा स्कॅन करतं, नाहीतर खिशातून नोट काढतं. डोकं उठतं ते 'पेंडिंग'मुळे. त्याच्या खात्यातून साठ रुपये वजा, आमचा साउंडबॉक्स मुका, आणि मागे पोळ्यांसाठी खोळंबलेली रांग. खोटं कुणीच बोलत नसतं, तरी दोघांनाही ओशाळल्यासारखं होतं.

अशा वेळी माणूस काय करतो? पुन्हा पुन्हा बघतो, गेले का, आले का. बँकाही तेच करतात. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर कोलमडलं, तेव्हा ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दिलेलं कारण वाचून मला हसूच आलं. काही बँका 'व्यवहार झाला का' ही विचारणा सारखी पाठवत होत्या, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, आणि त्या भाराखाली यंत्रणा गुदमरली. (हनुमान जयंती होती, आमचं केंद्र बंद. वाचलो.) त्या ऑगस्टपासून अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, तीही दर वेळी ९० सेकंद थांबून, असा नियम झाला. शिल्लक तपासायलाही एका ॲपवर दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली. पन्नास वेळा शिल्लक बघणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

दुकानदाराला केलेलं पेमेंट असं मध्येच लटकलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. हे गिऱ्हाइकांना सांगितलं की आधी त्यांचा विश्वासच बसत नाही.

म्हणून आता मी नेहमीच्या लोकांना यूपीआय लाइट सुरू करायला लावते. त्यातले पैसे आधीच बाजूला काढलेले असतात, त्यामुळे दर पोळीमागे बँकेच्या मुख्य सर्व्हरचं दार ठोठावावं लागत नाही. पिनही नको. हजारापर्यंतच्या खरेदीला चालतं, आमचं बिल तेवढं कुठे होतंय! कॉलेजच्या मुलांनी लगेच केलं. एक निवृत्त काका मात्र ऐकत नाहीत. म्हणतात, त्यात ठेवलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही. जास्तीत जास्त पाच हजार राहतात त्यात. त्यावर किती व्याज बुडतं, हे मी काही विचारलं नाही. रोज आठ पोळ्या नेतात ते.