तंगूस त्यांचं, तंगूस आपलं

धरणाच्या काठावर गळवाला आणि जाळेवाला भांडायला लागले की दोघांच्या तोंडी वाक्य एकच असतं: “तुमच्यामुळं मासा संपला.” गंमत म्हणजे दोघांच्या हातातली वस्तूही एकच. आपल्या रिळावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्यांच्या जाळ्यातही तंगूस. कुणाच्या तंगुसानं किती मासा पाण्याबाहेर जातो, हा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. मांडला तर दोघांचीही थोडी अडचण होते, म्हणूनही असेल.

आधी मालकीचं. गळवाल्यांचं एक लाडकं पालुपद आहे, “पाणी सरकारचं, मासा देवाचा.” पाण्याचं ठीक आहे. माशाचं तसं नाही. महाराष्ट्रात तलाव-जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय खातं ठेक्यानं देतं आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. आपण ज्यांना ‘सोसायटीवाले’ म्हणतो ते भोई, कोळी, विदर्भात ढिवर, ठेक्याची रक्कम भरतात आणि वर माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, विकत आणून सोडतात. सोडावंच लागतं, कारण कटला, रोहू, मृगळ थांबलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. धरणाच्या वरच्या अंगाला नदीचा बरा पट्टा उरला असेल तर थोडी वीण होते, लहान तलावात तीही नाही. म्हणजे गळाला लागलेला दोन किलोचा कटला बहुतेक वेळा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. चिलापीचं (तिलापियाचं) वेगळं आहे, तिच्याकडे पुढं येतो.

“गळानं असा कितीसा मासा जातो?” याचं उत्तर तलावाच्या आकारावर आहे. भारतातल्या जलाशयांच्या उत्पादनाचे १९९०च्या दशकात काढलेले सरासरी आकडे असे: एक हजार हेक्टरच्या आतल्या लहान जलाशयांत हेक्टरी सुमारे ५० किलो, पाच हजार हेक्टरच्या वरच्या मोठ्यांत सुमारे ११ किलो. आता दोनशे हेक्टरचा तलाव धरा. वर्षाचा मासा झाला दहा टन. तिथं दर रविवारी वीस जण बसले, प्रत्येकानं तीन किलो नेले आणि वर्षात असे चाळीस रविवार झाले, तर २,४०० किलो. जवळजवळ पाव हिस्सा, तोही फुकट. उजनीच्या पसाऱ्यात हेच २,४०० किलो दर्यात खसखस. तेव्हा लहान तलावावर सोसायटीनं दिवसाची पावती मागितली तर कपाळाला आठ्या घालू नयेत. पावती मात्र घ्यावीच, तिच्यावर तारीख आणि गळांची संख्या लिहून. नुसतं तोंडी ‘शंभर द्या अन् बसा’ असेल तर ते पैसे सोसायटीच्या वहीत चढत नाहीत, आणि पुढच्या रविवारी दुसराच कुणी मागायला उभा राहतो.

बीज सोडण्यातच अर्धा मासा घालवला जातो, हे सोसायटीवाल्यांना सांगायला हवं. हॅचरीतून निघतं ते जिरे, इंचभर झालं की बीज, ८० ते १०० मिलिमीटर झाली की बोटुकली. जिरे स्वस्त पडतात म्हणून लाखांनी ओतले तर ती मरळ आणि शिंगट्याची मेजवानी. संख्या कमी चालेल, बोटुकलीच घ्यावी. ऑक्सिजनची पिशवी आणली की तोंड न उघडता १५-२० मिनिटं तलावात तरंगू द्यायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग तोंड सोडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडू द्यायची. टेम्पोतून उतरवून थेट ओतली की निम्मी उलटी होऊन तरंगतात आणि दोष बीजाला लागतो. वेळ पहाटेची किंवा ऊन कलल्यावरची. आणि सांडवा वाहत असताना सोडलेलं बीज खालच्या गावाचं होतं. सांडवा बंद होईपर्यंत थांबलेलं बरं.

यात आपल्या वाट्याचं काम एवढंच: जिथं बोटुकली सोडली त्या भागात तीन आठवडे गळ टाकायचा नाही. बोटभर रोहू गांडुळाच्या तुकड्यावर तुटून पडतो आणि बारका गळ थेट घशात घेतो.

आता जाळ्याकडं. खरा प्रश्न आसाचा आहे. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. एकाच जाळ्याला एकजण ‘दोन इंची’ म्हणतो, दुसरा ‘चार इंची’, आणि दोघंही बरोबर असतात: पहिला गाठ ते शेजारची गाठ मोजतो, दुसरा आस ताणून समोरासमोरच्या गाठी. भांडण्याआधी कुठलं माप धरायचं ते ठरवा. रीत सोपी आहे. जाळं ओलं करायचं, सलग दहा आस एका रेषेत ताणायचे, पट्टी लावायची, दहानं भागायचं. एकच आस मोजला तर ओढाओढीत काही मिलिमीटर इकडंतिकडं होतात.

मासा तंगुसाच्या जाळ्यात डोकं घालतो, कल्ले पार होतात आणि अंगाच्या जाड भागाशी धागा रुतून बसतो. ढोबळ हिशोब असा की माशाचा घेर आसाच्या घेराच्या सव्वापट असला की तो पक्का अडकतो. ताणून १०० मिलिमीटरचा आस म्हणजे आतला घेर २००; त्यात २५० मिलिमीटर घेराचा मासा धरला जातो, साधारण किलोभराचा रोहू. आता आस निम्मा करा, ५०. घेर निम्मा झाला, पण वजन निम्मं होत नाही. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही निम्म्या झाल्यानं ते आठव्या भागावर येतं. सव्वाशे ग्रॅमचा रोहू. बाजारात त्याला भाव नाही, आणि तोच एक वर्षभर पाण्यात राहिला असता तर... हे गणित काठावर काडीनं मातीत मांडून दाखवलं की भाषणापेक्षा लवकर पटतं. आणखी एक बारकावा: कटला अंगानं रुंद, त्यामुळं रोहूसाठी ठीक असलेल्या आसात तो कमी वयाचा, कमी लांबीचा असतानाच अडकतो. कटला वाढवायचा असेल तर आस आणखी मोठा हवा. उजनीकडं ज्याला ‘वडाप’ म्हणतात त्या बारीक जाळ्याच्या ओढीत तर हा हिशोबच उरत नाही, हाताला लागेल ते सगळं येतं. त्याविरुद्ध सर्वांत मोठ्यानं बोलणारे खुद्द तिथले मच्छीमारच आहेत, हे गळवाल्यांनी ध्यानात ठेवावं. सगळे जाळेवाले एका माळेचे मणी नव्हेत.

चिलापी भारतात आणली गेली १९५२ मध्ये. मादी अंडी तोंडात सांभाळते, काही महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा वीते. गर्दी झाली की तळहाताएवढ्या आकारातच अंडी धरू लागते आणि तलाव बुटक्या चिलापीनं भरतो. बीज सोडलेल्या लहान तलावात चिलापी गळाला लागली तर परत सोडू नये. कितीही न्या, सोसायटीचंच काम होतं. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजाराकडं मात्र चिलापी हीच कित्येक घरांची रोजची कमाई आहे, तिथं विचारून.

पाणी उतरलं की सगळेच नियम बदलतात. उजनीत ११७ टीएमसी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं की मासा जुन्या नदीपात्रात आणि डोहांत गोळा होतो, आणि जाळ्याला काय, गळालाही भरभरून लागतो. लोकांना वाटतं मासा वाढला. तो वाढलेला नसतो, कोंडलेला असतो.

काठावरच्या कुरबुरींपैकी निम्म्या गुंत्याच्या असतात. जाळं संध्याकाळी लावतात, पहाटे उचलतात. आपण पहाटेच जाऊन त्याच पट्ट्यात टाकतो. बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की पन्नासेक पावलं सोडून बसायचं. गळ जाळ्यात अडकलाच तर ओढायचा नाही. ओढलं की उलटा काटा चार-सहा घरं फाडतो. तंगूस कापायचं आणि होडी आली की दादांना जागा दाखवायची. पक्कडीनं उलटा काटा आधीच दाबून ठेवला असेल तर गळ हलकेच सुटतो, माशाच्या तोंडातूनही.

इथं आपल्या लोकांचा आवडता युक्तिवाद येतो: “आम्ही तर मासा परत सोडतो.” सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. २० अंश पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला साधारण सव्वासात. मे महिन्याच्या दुपारी दहा मिनिटं झुंजवून, कोरड्या हातानं धरून, फोटोसाठी कल्ल्याला धरून लटकवलेला रोहू पोहत गेलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी काठाला लागतो. हात ओले, हातजाळी बिनगाठीची, पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाच्या आत, घशात गेलेला गळ उपसायचा नाही तर तंगूस जवळून कापायचं, आणि सोडताना पोटाखाली हात देऊन तो स्वतः शेपटी मारेपर्यंत धरायचा. उन्हाळ्यात दुपारी मुळात बसूच नये.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं मोठं सरोवर आहे. तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी जमातींचा मासेमारीचा हक्क १८३७च्या करारातला. तो त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये कायम केला. तिथं वॉलाय माशाची वाटणी पौंडांत होते, इतका जमातींचा, इतका राज्याच्या गळवाल्यांचा. वसंतात लागणाऱ्या जाळ्यांवर तिथले गळवाले आपल्यासारखेच चिडतात. पण तिथं गळवाल्यांनी सोडलेल्या माशांपैकी जे मरतात असा अंदाज निघतो, तेही गळवाल्यांच्याच खात्यावर चढतात. २०१५ मध्ये वाटा संपत आला म्हणून वॉलायचा हंगाम ऑगस्टच्या सुरुवातीलाच बंद करावा लागला. ही नोंदीची पद्धत आपल्याकडं आली तर ‘आम्ही सोडतो’वाल्यांची पंचाईत होईल, आणि व्हावी.

आवाजावरूनही तक्रारी असतात. रविवारी मॅच असली की कुणाच्या तरी मोबाइलवर कॉमेंट्री सुरू, आणि शेजारचा म्हणतो, मासा पळतो. हवेतल्या आवाजातला जेमतेम हजारातला एक भाग पाण्यात उतरतो, बाकी पृष्ठभागावरून परत फिरतो. रोहू-कटल्याचे कान तीक्ष्ण असतात, तरी काठावरच्या कॉमेंट्रीनं त्यांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते विकेट पडल्यावर दगडावर उडी मारली की, कारण तो धक्का जमिनीतून थेट पाण्यात जातो. पत्र्याच्या होडीत तळाला ठेवलेला रेडिओही तसाच. शेजाऱ्याचं डोकं दुखत असेल तर तो वेगळा मुद्दा, त्यासाठी इअरफोन आहेत.

चारा टाकण्यात हात आखडता घ्या. सकाळभराला एका माणसाला शेंगदाणा पेंड एक किलो, तांदळाचा कोंडा पाव किलो, गूळ मूठभर, एवढं पुष्कळ. लिंबाएवढे गोळे, अर्ध्या अर्ध्या तासानं दोन. पाच-पाच किलो ओतलेला चारा लहान तलावाच्या तळाशी कुजतो, ऑक्सिजन खातो, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात तेव्हा सोसायटीवाले कुणाकडं बघणार?

शेवटी वही, म्हणजे काय लागलं त्याची नोंद. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटा कंपनीच्या केंद्रात महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची पैदास झाली, आणि तिथलं निळ्या परांच्या महसीरचं बीज १९७०च्या दशकापासून कर्नाटकात कावेरीतही गेलं. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महसीर त्यानंतर मागं पडत गेला आणि आज तो अतिधोक्यात आहे. हे उघड कशावरून झालं? कावेरीकाठी गालीबोर इथल्या गळवाल्यांच्या तळावर १९९८ ते २०१२ ठेवलेल्या नोंदींवरून. आकड्यानं मासे वाढताना दिसत होते, पण सरासरी वजन उतरत होतं, आणि जात वेगळी होती. जात न लिहिता नुसतं ‘महसीर’ लिहिलं असतं तर सगळं छान चाललंय असंच वाटलं असतं.

तशी वही सोसायटीच्या खोपीत दोरीला बांधून ठेवता येते. रकाने सात पुरे: तारीख, किती तास बसले, किती गळ, माशाची जात, लांबी, नेला की सोडला, पाण्याची पातळी. लांबी तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, कारण शेपटीची टोकं फाटलेली असतात. वजन अंदाजानं लिहू नका. गळवाल्याचा अंदाज कुठल्या बाजूला झुकतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ज्या दिवशी काहीच लागलं नाही त्या दिवशीही तास लिहून पुढं शून्य टाका. रिकाम्या हातानं गेलेले रविवार वहीत नसले की तलावात आहे त्याच्या दुप्पट मासा दिसतो, आणि पुढच्या वर्षीचं बीज त्याच हिशोबानं कमी आणलं जातं.