हिरवळीवरचे ढीग

रात्रभर पाऊस झाला. सकाळी हिरवळीवर पाय टाकला तर पुन्हा तेच, नळीतून पिळून काढल्यासारखे गांडुळांनी वर टाकलेले ओल्या मातीचे बारके ढीग. गेल्या वर्षीपर्यंत मी ते चिडून चपलेनं दाबून टाकायचो. मग चेपलेल्या चिखलाखाली गवत पिवळं पडायचं, मोकळ्या जागी तण रुजायचं आणि शिव्या गांडुळांना! आता दुपारपर्यंत दम धरतो. ढीग सुकले की खराट्याचा एक हात पुरतो, भुगा होऊन माती गवताच्या बुडाशी जाते. त्यांच्या पोटातून गेलेली ही माती म्हणजे आयतं खतच.

आज एक उद्योग केला. ढीग असतात तिथे तांब्याभर पाणी ओतलं आणि जाऊन-येऊन तुडवलेल्या कोपऱ्यात, जिथे एकही ढीग कधी दिसत नाही, तिथे दुसरा तांब्या. पहिलं पाणी बघता बघता मुरलं. दुसऱ्याचं डबकं मी खराटा जागेवर ठेवून आलो तरी तसंच.

रात्री टॉर्चला लाल कागद गुंडाळून बाहेर गेलो. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. पावलांचा हादरा मात्र लगेच कळतो, म्हणून अनवाणी, मांजरासारखा. एक गांडूळ शेपटाकडचा भाग बिळात रोवून, बाकीचं अंग लांबवून वाळकं पान ओढत होतं. तेही टोकाकडून, म्हणजे बिळात अडकायला नको. कितीतरी वेळ मी उकिडवा बसून होतो, पायांना मुंग्या आल्या.

चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी चर खणला, तर खडू ७ इंच खाली! गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली तो गाडला गेला होता. हे वाचल्यापासून पायवाटेच्या फरश्या खचल्या म्हणून गवंड्याला नावं ठेवणं बंद केलंय.

उद्या त्या कडक कोपऱ्यात पालापाचोळा पसरून ओला ठेवायचा. फावडं नको, दाताळ्यानं नुसती भोकं पाडायची. तुकडे केले की एकाची दोन गांडुळं होतात, ही लहानपणची समजूत खोटी. डोक्याकडचा भाग जगला तर जगतो, शेपटाकडचा नाही.