कौतुकाचे माप

व्रोत्स्वाफ (पोलंड), नोव्हेंबर

पोलिश व्याकरणाचा जेवढा धाक घातला जातो, तेवढा मराठी माणसाने घेण्याचे कारण नाही, असे माझे मत झाले आहे. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत आणि प्रत्ययापूर्वी नामाचे रूप बदलते हे सामान्यरूप शिकलेल्याला नवे नाही. त्यामुळे सात विभक्तींनी मी हबकलो नाही. मला दमवले ते संख्यांनी. दोन, तीन किंवा चार पाव मागताना साधे अनेकवचन पुरते, पाचापासून षष्ठीचे अनेकवचन लागते, बाविसाला पुन्हा पहिले रूप परतते आणि बारा मात्र पाचाच्याच पंगतीत बसतात. पाच पाव हवे असताना चारच घेऊन बेकरीतून बाहेर पडणारा परदेशी मी एकटाच नसावा.

इतके करून तोंड उघडले की पहिल्या दोन वाक्यांतच कौतुक होते आणि पाठोपाठ प्रश्न येतो: पोलिश कशासाठी शिकता? प्रश्नात खवचटपणा नसतो. आपली भाषा अवघड असल्याचा अभिमान आणि ती परक्याने शिकण्याइतकी उपयोगाची नाही ही समजूत, दोन्ही त्यात एकत्र नांदत असतात. समोरची व्यक्ती तरुण असेल, तर ती यानंतर सौजन्याने इंग्रजीवर येते आणि माझा सराव तिथेच संपतो. याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार पुण्याच्या माणसाला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. मोडक्या मराठीत पत्ता विचारणाऱ्याला आपणही लगेच हिंदीतून उत्तर देतो.

हे कौतुक सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे मात्र येथे राहूनच कळले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर या शहरात युक्रेनियन लोक मोठ्या संख्येने आले. आमच्या दुकानातील गल्ल्यावर बसणारी युक्रेनियन बाई माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने पोलिश बोलते, पण तिला कोणी शाबासकी दिलेली मी ऐकलेली नाही; उलट एखाद्या शब्दाला ती अडखळली, तर रांगेतल्या कुणाच्या तरी कपाळावर आठी उमटते. तिची भाषाही पोलिशसारखीच स्लाव्हिक कुळातली, म्हणून तिने पोलिश शिकणे गृहीतच धरलेले असते. माझ्याकडून काहीच अपेक्षित नसल्यामुळे मला मात्र थोड्याशा पोलिशवरही मोठे श्रेय मिळते. तेव्हापासून मी कौतुक ऐकतो, आभार मानतो, पण त्यावरून माझ्या पोलिशचा अंदाज बांधत नाही.

अंदाज खरा येतो तो भाजीबाजारातील वृद्ध बायकांकडून. त्यांना इंग्रजी येत नाही, वेग कमी करण्याची त्यांना गरज वाटत नाही, आणि माझे रूप चुकले तर त्या हिशेब थांबवून बरोबर रूप उच्चारतात व मी ते म्हणेपर्यंत पिशवी हातात देत नाहीत. मला त्यांचा हा व्यवहार अधिक सन्मानाचा वाटतो, कारण त्यात मला शिकता येईल हे मान्य केलेले असते. पुढे दीर्घकालीन निवासाचा परवाना हवा असेल, तर पोलिशचे बी-१, म्हणजे मध्यम पातळीचे, प्रमाणपत्र लागते. सरकारी परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषणाबरोबर व्याकरणाचा स्वतंत्र भाग असतो, आणि परदेशी असल्याची सवलत तिथे मिळत नाही. परीक्षेला बसणारे जवळजवळ सगळेच परदेशी असतात.