तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीचा वाढदिवस आम्ही का करत नाही

जानेवारी आला की तोच प्रश्न. कॉलनीतल्या बायका, माझी जाऊ, शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या आया, सगळ्यांचा एकच सूर : ‘एकुलती एक लेक, अन् वाढदिवस कामून करत नाहीत?’ पैशाचं कारण सांगून पाहिलं, परीक्षेचं सांगून पाहिलं. आता खरं ते लिहिते.

तिची मैत्रीण तुम्हाला माहीत आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून शाळेत आलेली. दसरा-दिवाळी झाली की आईबाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. तोवर ती आज्जीपाशी. दोघी पहिलीपासून एका बाकावर. नाव लिहीत नाही, पोरगी आता कळती झालीय.

२०२४ च्या संक्रांतीनंतरचा रविवार होता. लेकीला आठ वर्षं पूर्ण झाली होती, घरात चौदा पोरं. ही आली ती हातात गाठोडं घेऊन. आज्जीनं सकाळी आगटी पेटवून हुरडा भाजला होता, हातानं चोळून, पाखडून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दिला होता. अजून कोमट होता. बाकीच्यांची चकचकीत खोकी मी हॉलमधल्या टेबलावर मांडली आणि हुरडा नेऊन ठेवला ओट्यावर. खायची वस्तू, ती ओट्यावरच जायची, असं तेव्हा मनाला सांगितलं. पण चॉकलेटचा डबा टेबलावरच होता.

केक झाला, वडे झाले. कागदी प्लेटा सगळीकडं पसरलेल्या. मी वाकून तिला म्हणाले, ‘बाळा, एवढ्या प्लेटा गोळा करू लाग गं.’ ती लगेच उठली. उरलेला केक एका प्लेटीत सारायचा, प्लेटीवर प्लेट रचायची, सतरंजीवर काही सांडू द्यायचं नाही. रोज घरी केल्याशिवाय एवढ्याशा हाताला असं वळण येत नाही. बाकीची पोरं फुगे फोडत होती. एका मुलानं तर मान न वळवताच आपली प्लेट तिच्यापुढं धरली. सगळ्या प्लेटा बादलीत टाकून ती ओट्यापाशी आली, हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, ‘काकू, झाडून बी घेऊ का?’

लेक दारातच उभी होती.

हाताशी होती म्हणून सांगितलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. भाचीलाही सांगतेच की मी. कामाची लाज कसली? हे सगळं आजही मला खरंच वाटतं. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची मुलगी माझ्या पायाशी बसली होती, तिला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. जात मी कधी विचारली नव्हती. आडनाव मात्र माहीत होतं.

माझं माहेर केज तालुक्यातलं. सालगड्याची कपबशी गोठ्यातल्या कोनाड्यात पालथी असायची. त्यावरून दहावीत असताना मी आईशी भांडले होते, दोन दिवस जेवले नव्हते. माझ्या घरात तसली कपबशी नाही, हे मी किती जणींना सांगितलंय! ती दहावीतली पोरगी त्या रविवारी माझ्या घरी असती, तर माझ्या हातचा केक तिनं खाल्ला नसता.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेनं आरटीईच्या जागा द्यायची गरज नाही. आपल्या पालकांच्या ग्रुपवर ‘बरं झालं, त्या मुलांनाच तिथं अवघडतं’ असं कुणीतरी टाकलं. मी त्यावर लांबलचक लिहिलं, तुम्ही वाचलंय. मुलांना नाही अवघडत, आपण अवघडवतो, असं. जुलैत हायकोर्टानं तो बदल रद्द केला तेव्हा तुम्ही माझंही अभिनंदन केलंत. मला ते घेववलं नाही.

त्या रविवारनंतर ती एकदाच घरी आली. सोफ्यावर बसली नाही, थेट ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मी ‘जा, खेळा’ म्हटलं तरी तिचं लक्ष माझ्याकडंच, मी काय सांगते याच्याकडं. पुढच्या वाढदिवसाला लेकीला म्हटलं, बोलव तिला, मी नीट वागेन. लेक म्हणाली, ‘नको. तू परत काहीतरी सांगशील.’ तिला वगळून बाकीच्या तेरांना बोलवायचं लेकीला नको होतं, मलाही. तेव्हापासून बंद.

शाळेत मात्र दोघी अजून एकाच बाकावर. यंदा वाढदिवसाच्या सकाळी लेकीनं डब्यात चार लाडू जास्तीचे मागून घेतले. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.