आमची वाटचाल : त्रेचाळीस किलोची स्प्रिंग, दहा किलोचा हात

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला गन टॅकर, म्हणजे पिना ठोकायची हाताची गन, बनत नव्हता, त्याचे सुटे भाग बनायचे. सोफ्याचे कारागीर, मंडपवाले, लाकडी फ्रेमवर फ्लेक्स ताणणारे यांच्या हातातली पिना मारायची गन बंद पडली की बहुतेक वेळा तीनपैकी एक भाग गेलेला असतो : पिनेवर आपटणारं ब्लेड, त्याला ढकलणारी स्प्रिंग किंवा ब्लेड वर उचलणारं लिव्हरचं टोक. हे तिन्ही भाग करता करताच पुढे आमची स्वतःची गन तयार झाली. तिच्यात आजवर काय काय बदललं आणि का, ते इथे लिहितो.

आधी ब्लेड. बारीक तारेची पिन पट्टीच्या दिशेने मोजली तर साधारण पाऊण मिमी भरते. ब्लेड तिच्यापेक्षा जाड झालं तर ते मागच्या दुसऱ्या पिनेची कड पकडतं आणि दोन्ही पिना तोंडात अडकतात. म्हणून आम्ही ०.६५ मिमीवर थांबलो. पिन खाली उतरते ती फट ०.८५ ठेवली. फट १ मिमीच्या पुढे गेली की पिन तिरकी होते, तिचे पाय एकमेकांवर चढतात आणि गिऱ्हाईक दोष पिनांच्या डब्याला देतं. ब्लेड ईएन ४२जे या स्प्रिंगच्या पोलादाच्या पट्टीचं. कडकपणा ४८ ते ५२ रॉकवेल सी. ५८ ला नेलं तर कोपरे टवके उडून जातात, ४२ वर सोडलं तर कड फुगते आणि ब्लेड खोबणीतच रुतून बसतं. सुट्या भागांच्या काळात फुगलेली ब्लेडं इतकी पाहिली की हा आकडा ठरवायला फार दिवस लागले नाहीत.

स्प्रिंगचं मात्र तसं झालं नाही. बाजारात ‘दणका कमी आहे’ म्हटलं की जाड तारेची, कडक स्प्रिंग घालायची हाच रिवाज. पहिल्या गनमध्ये आम्हीही तेच केलं : दर मिमी दाबायला २ किलो, बसवतानाच १० मिमी दाबलेली, वर १४ मिमीचा स्ट्रोक, म्हणजे मूठ ओढल्यावर ती आणखी दबते ते अंतर. म्हणजे सुरुवातीला २० किलो आणि सुटताना ४८. सरासरी ३४ किलो गुणिले १४ मिमी, म्हणजे साधारण पावणेपाच जूल. पिन ठोकायला हीच सरासरी कामाला येते, शेवटचे ४८ किलो फक्त कारागिराच्या बोटांना भोगावे लागतात. मग तार तीच २.८ मिमीची ठेवून वेटोळी वाढवली. दर मिमीला १.२ किलो, पण बसवताना २२ मिमी दाबलेली. आता सुरुवात २६ किलोला आणि शेवट ४३ ला. सरासरी जवळपास तीच, किंबहुना किंचित जास्त, आणि शिखर पाच किलोंनी खाली. तारेवरचा ताणही उतरल्यामुळे स्प्रिंग ‘बसायचं’, म्हणजे कायमची आखडायचं, प्रमाण कमी झालं. किंमत मोजावी लागली ती उंचीत : मोकळी स्प्रिंग ४९ मिमीवरून ७३ वर गेली, म्हणून गनचं डोकं उंच झालं. दिसायला जुनी गन जास्त सुटसुटीत होती, हे मान्यच.

स्प्रिंग वळवून झाली की २३० ते २५० अंशांवर अर्धा तास ताण उतरवायचा, मग ती पूर्ण मिटेपर्यंत चार-पाच वेळा दाबायची. या दाबण्यात ती एक-दीड मिमी आखडते, म्हणून वळवतानाच तेवढी लांब ठेवायची. ही पायरी गाळली तर तेच आखडणं गिऱ्हाइकाच्या हातात घडतं आणि दोन महिन्यांत दणका उतरतो.

मग मुठीचं गणित. १४ मिमी स्प्रिंग दाबायला मूठ ६० मिमी फिरत असेल तर लिव्हरचं प्रमाण सव्वाचारच्या आसपास येतं. ते सबंध स्ट्रोकभर सारखंच राहिलं तर सुरुवातीला हाताला सहा किलो लागतात आणि शेवटी दहा. घर्षणाचे २५ टक्के धरले तर साडेबारा. आम्ही लिव्हरच्या टोकाला वक्र दिला : सुरुवातीला प्रमाण साडेतीन, शेवटी साडेपाच. त्यामुळे २६ भागिले साडेतीन आणि ४३ भागिले साडेपाच ही दोन्ही उत्तरं साडेसात-पावणेआठच्या आसपास येतात. घर्षण धरून हाताला पहिल्यापासून शेवटपर्यंत दहा किलोच्या आत-बाहेर लागतात. मुठीची चाल तीन मिमीने वाढली, त्याची तक्रार कोणी केली नाही. उघडी मूठ ९५ मिमी होती ती ८२ वर आणली. मध्यम हाताला त्यापुढे बोटांच्या टोकांनी ओढावं लागतं, आणि तिथे जोरच नसतो.

या वक्र टोकाने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. ते हॅमरच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या भागाच्या, खाचेत जेमतेम १.२ मिमी अडकतं आणि स्ट्रोकच्या शेवटी निसटतं. ती कड गोल झाली की गन लवकर सुटते : १४ ऐवजी १२ मिमीवर. दोन मिमीच तर कमी, असं वाटेल. पण ते दोन मिमी सगळ्यात जड टोकाचे असतात, आणि १७ टक्के ऊर्जा गेल्यावर पिन लाकडाच्या वर अर्धी उभी राहते. आता ते टोक वेगळा तुकडा म्हणून ईएन ३५३ या पोलादाचं करतो, वरचा अर्धा मिमी थर कडक करून. झिजलं तर एक रिव्हेट काढून बदलता येतं.

गनचं नाक उचलण्याचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटणारा नाही. जुन्या रचनेत लिव्हर जिच्यावर फिरते ती खीळ पुढे, हॅमरच्या मागेच असते. मागून मूठ दाबली की पुढचं टोक हॅमर उचलतं. लिव्हर एकच, सोपी, स्वस्त. पण हाताचा भार मागे पडतो आणि पिन पुढून निघते, म्हणून ऐन क्षणी नाक लाकडापासून सुटतं. जोएल मार्क्स या अमेरिकी संशोधकाच्या ‘पॉवरशॉट’ने हे उलटं केलं : खीळ मागे, दाब पुढे, थेट पिनेच्या वर. त्यासाठी दिशा पालटणारी दुसरी लिव्हर लागते, म्हणजे आणखी एक खीळ आणि आणखी घर्षण. टेबलावर किंवा जमिनीवर आडव्या ठेवलेल्या फ्रेमवर फ्लेक्स मारायचा असेल तर पुढे दाबायचीच गन घ्यावी. सोफ्याच्या पोटात हात घालून, गन उलटी धरून काम करायचं असेल तर मागे दाबायची सोयीची पडते, कारण तिथे तसाही अंगाचा भार देता येत नाही. दोन्ही कामांना एकच गन, असं म्हणून विकायचं आम्ही सोडलं.

पावसाळ्याने एक वेगळाच घोळ घातला. जूनपासून ठाण्यात उघडी स्प्रिंग आठवड्यात तांबूस होते, म्हणून जस्ताचा मुलामा दिला. गंज थांबला, पण स्प्रिंगा तुटू लागल्या, आणि त्याही कधीकधी नुसत्या दाबून ठेवलेल्या असताना. आम्लात धुताना आणि मुलामा देताना तारेत हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. मुलाम्यानंतर लगेच, फार तर चार तासांत, २०० अंशांच्या आसपास भट्टीत घालून कित्येक तास भाजलं तर तो निघतो. पण बाहेरून मुलामा करून घेताना ते खरंच भाजतात की नुसतं गरम करतात, हे कळायला मार्ग नाही. आम्ही फॉस्फेट आणि तेलावर गेलो. रंग काळपट दिसतो, दुकानदार नाक मुरडतात.

बाकीचे बदल किरकोळ. अंगाचा पत्रा १.६ मिमी सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेल्या पोलादाचा. कटिंगची बर, म्हणजे कापताना कडेला राहणारी धार, नेहमी बाहेरच्या बाजूला येईल अशी डाय फिरवली, कारण बर आत राहिली की पिनांची पट्टी घासत पुढे जाते आणि कधी जातच नाही. खालचा धक्का झेलायला रबराऐवजी ९० शोअर कडकपणाचं पीयू (पॉलियुरेथेन). ब्लेड नाकाच्या बाहेर ०.३ ते ०.५ मिमी यावं : कमी आलं तर पिन वर राहते, जास्त आलं तर रेग्झिन कापतं. पीयू झिजला की हाच आकडा वाढत जातो, म्हणून तो भागही बाहेरून बदलता येण्यासारखा केला. रिकाम्या गनचा चाप ओढत बसायची सवय पीयूला सगळ्यात लवकर खाते.

प्रत्येक बदलानंतर एक गन हवेच्या सिलिंडरवर लावतो, मिनिटाला २० स्ट्रोक, ५०,००० पूर्ण व्हायला जवळपास ४२ तास. त्यातले काही हजार स्ट्रोक लाकडात मारतो. पाइनमध्ये १० मिमीची पिन सहज जाते. मरीन प्लायमध्ये तीच पिन वाकते, तिथे ६ किंवा ८ मिमीचीच घ्यावी. सध्या लिव्हरच्या टोकाला रोलर लावून पाहतो आहोत. घर्षण २५ वरून १५ टक्क्यांवर येईल असा हिशेब आहे. अडचण रोलरच्या खिळीची : जागा जेमतेम तीन मिमीची, आणि ३०,००० स्ट्रोकच्या पुढे ती खीळ अजून टिकलेली नाही.